हजेरीपटावरून नाव कमी होण्याआधी

ग्रामीण भागातील शाळागळती थांबवण्यासाठी गावाला आणि उद्योग-व्यवसायांना काय करता येईल, याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. नाशिक जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांतून पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रांमधून मुलांची ओळख उघड होऊ नये, म्हणून पत्रलेखकांची व गावांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. काही वर्षांपासून आम्ही पेठ तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत दर जूनमध्ये दप्तरे, वह्या आणि छत्र्या वाटतो. यंदा फेब्रुवारीत त्या शाळेत जाण्याचा योग आला, तेव्हा वरच्या वर्गांतील बरीच मुले नव्हती. आमची मदत वाया जाते आहे का? आमची कंपनी सी.एस.आर.च्या, म्हणजे कंपन्यांवर कायद्याने असलेल्या सामाजिक खर्चाच्या, कक्षेत येत नाही. तरीही अधिक उपयोगी असे काही करता येईल का?

आपली मदत वाया गेली, असे मी म्हणणार नाही. पण ती ज्या महिन्यात पोहोचते, त्या महिन्यात त्या मुलांची शाळा सुटण्याचा धोका सर्वांत कमी असतो. जूनमध्ये पट भरलेला असतो. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत सरकारी शाळेत फी नाही, पाठ्यपुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते, त्यामुळे केवळ वही-दप्तराअभावी शाळा सोडणारी मुले आता थोडी आहेत.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो; परंतु डोंगरउताराची जमीन तो धरून ठेवत नाही, आणि भात, नागली, वरई घरात आली की दुसरे पीक घेण्याइतके पाणी फार थोड्या कुटुंबांकडे उरते. दिवाळीच्या आगेमागे ही कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर पडतात. कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, कोणी गुजरातेत, तर कोणी ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर. घरी सांभाळणारे कोणी नसेल, तर मुलेही बरोबर जातात. होळीला ती परत येतात, तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि मधल्या तीन-चार महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो. असे दोन-तीन हंगाम गेले की सहावीतल्या मुलाला तिसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही, वर्गात बसण्याची त्याला लाज वाटू लागते आणि एका वर्षी ते शाळेत परततच नाही. सरकारी कागदावर ते त्या वर्षी ‘शाळाबाह्य’ ठरते. शाळेशी असलेले त्याचे नाते मात्र त्याच्या कितीतरी आधी सुटू लागलेले असते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपल्या मदतीचा महिना बदलावा. सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांना भेटून, यंदा कोणती कुटुंबे बाहेर पडण्याची शक्यता आहे आणि त्यांतील कोणत्या मुलांना आजी-आजोबांपाशी ठेवता येईल, हे समजून घ्यावे. अशा मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृह मंजूर होऊ शकते. त्यात मुले गावातच राहतात आणि त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती पाहते. अडचण येते ती वेळेची. मंजुरी किंवा अनुदान हाती पडायला उशीर झाला, तर मुले तोपर्यंत आईवडिलांबरोबर निघून गेलेली असतात, आणि गेलेल्या मुलाला हंगामाच्या मध्यावर परत आणणे जवळपास अशक्य असते. त्या मधल्या काही आठवड्यांचा किराणा, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे मानधन, थंडीसाठी ब्लँकेट आणि अभ्यासाला उजेड एवढी जबाबदारी आपल्यासारख्या लहान कारखान्यालाही पेलण्याजोगी आहे. वह्या-दप्तरांसाठी आपण जो खर्च करता, त्यातूनच हे करता येईल, अशी माझी अटकळ आहे.

आयकरात सवलत हवी असेल, तर ८०जी प्रमाणपत्र असलेल्या संस्थेला धनादेशाने किंवा बँकेमार्फत देणगी द्यावी. वस्तुरूपाने दिलेल्या मदतीवर ही सवलत मिळत नाही, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवरही मिळत नाही. आपण कोणती करप्रणाली निवडली आहे, त्यावरही ती अवलंबून असल्याने कर सल्लागाराला आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगितली पाहिजे. आठवी-नववीत शाळा सोडलेली मुले पुढे कोठे जातात, याचा शोध घेतला तर त्यांतील काही अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या लहान वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून सापडतात. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे आणि अठरा वर्षांपर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, हे आपणास ठाऊक असेलच. परंतु कायदा जेथे मुभा देतो, तेथेही कारखानदारांनी आपसांत ठरवून अठरा वर्षांखालील मुलाला ठेकेदारामार्फतसुद्धा कामावर न घेण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले, तर शाळा सोडण्याचे एक मोठे आकर्षण संपेल. निमा आणि आयमा या आपल्या जिल्ह्यातील उद्योजकांच्या संघटनांसमोर हा विषय कोणीतरी मांडायला हवा. तो आपणच मांडावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत पेठकडील तीन कुटुंबे शेतातल्या शेडमध्ये राहतात. त्यांच्याबरोबर सहा-सात मुले असतात. ती काम करत नाहीत, बागेच्या कडेला खेळत असतात. त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी माझी आहे का? असल्यास मी नेमके काय करावे? दाखला नसताना येथील शाळा त्यांना घेईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण अनेक बागायतदार तेथेच थांबतात. शाळेने त्यांना घेतलेच पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ष अर्धे सरले असले तरी तो द्यावा लागतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. मूळ गावच्या शाळेने निघताना ते द्यायचे, मुलाने ते येथील शाळेत दाखवायचे आणि परत जाताना येथील शिक्षकांनी त्यावर प्रगती नोंदवायची, अशी ती योजना आहे. प्रत्यक्षात कुटुंबे पहाटेच्या जीपने निघून येतात आणि कार्ड शाळेतच राहते. आपण टोळीप्रमुखाशी हंगामाचा व्यवहार ठरवता, तेव्हा एकरी दर आणि उचल (आगाऊ रक्कम) यांबरोबरच ‘मुलांची हमी कार्डे घेऊन या’ एवढे सांगितले, तर पुष्कळ काम सोपे होईल. कार्ड आले नाही, तरी मुलाला शाळेत नेण्यासाठी त्याची वाट पाहू नये.

आता जबाबदारीविषयी. मुले काम करत नाहीत, असे आपण लिहिता आणि त्यावर मी विश्वास ठेवतो; तरीही विरळणी आणि डिपिंगच्या (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या) धांदलीत दहा-बारा वर्षांची मुले आईच्या बरोबरीने हात चालवू लागतात, हे बागांमध्ये सर्रास दिसणारे दृश्य आहे. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात, म्हणजे शेतीतही, कामाला लावता येत नाही. घरच्या कामात शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत मदत करण्याची सूट आहे. ती मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाच्या शेताला लागू होते, दुसऱ्याच्या बागेला लागू होत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी आहे. युरोपात माल पाठवणाऱ्यांना ही गोष्ट आणखी एका बाजूने भिडते. निर्यातीसाठी लागणाऱ्या ग्लोबल गॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्राला जोडून मजुरांच्या स्थितीची जी ‘ग्रास्प’ तपासणी होते, तिच्यात शेतावर राहणाऱ्या शाळकरी वयाच्या मुलांना शाळेची सोय आहे का, हा स्वतंत्र मुद्दा असतो.

परंतु कायदा आणि निर्यात बाजूला ठेवूनही बोलले पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या द्राक्षांना जगात जे नाव मिळाले, त्यात पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या हातांचे कौशल्य आहे. घडातील नेमके मणी काढण्याचे काम कोणालाही जमत नाही. त्या हातांची मुले आपल्या शेडमध्ये सहा महिने निरक्षर होत असतील, तर त्याचे उत्तरदायित्व आपल्याकडेही येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

काय करावे, याचे उत्तर मुलांच्या वयाप्रमाणे वेगवेगळे आहे आणि ते सर्वांत लहान मुलापासून सुरू करावे लागते. आपल्या बागेच्या कडेला खेळणारी आठ-दहा वर्षांची मुलगी बहुधा खेळत नसते. आईचे तान्हे बाळ तिच्याकडे सोपवलेले असते. तिला शाळेत घातले आणि बाळाची व्यवस्था केली नाही, तर चौथ्या दिवशी ती पुन्हा बांधावर दिसेल. म्हणून आधी अंगणवाडी सेविकेला भेटून तीन वर्षांपुढील मुलांची नावे तेथे घालावीत, आणि शिवारातील आठ-दहा बागायतदारांनी मिळून एखाद्या वस्तीजवळ पाळणाघर उभे करावे. मजूर महिलांपैकीच एका अनुभवी बाईला पूर्ण मजुरी देऊन बाळे सांभाळायला बसवले, पिण्याचे पाणी, सावली आणि दुपारचा खाऊ यांची सोय केली, तर एकेका बागायतदाराच्या वाट्याला येणारा खर्च औषधफवारणीच्या खर्चापुढे नगण्य राहील. बाळ सुरक्षित आहे, हे कळल्यावर आईसुद्धा निवांत मनाने काम करते.

त्यानंतर शाळेत जाण्याची सोय. शिवारातून गावातील शाळा दोन-तीन किलोमीटर असते आणि रस्त्याने ट्रॅक्टर व पिकअप भरधाव जातात, त्यामुळे परक्या मुलखात आईवडील मुलांना एकटे पाठवत नाहीत. सकाळी मजुरांना आणायला जाणारे किंवा दूध घालायला निघालेले वाहन मुलांना शाळेत सोडू शकते. शाळेत गेल्यावर पहिले काही दिवस फार महत्त्वाचे असतात. ही मुले घरी कोकणी किंवा महादेव कोळी समाजाची बोली बोलतात, वर्गातली मराठी त्यांना निराळी वाटते, आणि गावची मुले त्यांच्या बोलण्याला हसली तर ती पुन्हा वर्गात पाऊल ठेवत नाहीत. शिक्षकांना याची कल्पना आपण आधी द्यावी. बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचे, काम करणारे शिक्षक जिल्ह्यात आहेत. केंद्रप्रमुखांकडे त्यांची चौकशी करावी.

शाळा खरोखरच लांब असेल, तर वस्तीवर संध्याकाळचा वर्ग घ्यावा. डहाणूच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार महाराष्ट्रात असा फार पूर्वीच आचरणात आलेला आहे. गावातील डी.एड. झालेली एखादी तरुणी दोन तास मानधनावर हे काम आनंदाने करील. मात्र असा वर्ग नियमित शाळेच्या बदल्यात चालवू नये; तेथे दुपारचे जेवण नाही, हजेरी नाही आणि पुढच्या वर्गात जाण्याची नोंदही नाही.

उचलीबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. उचल फिटेपर्यंत मूल कामाला ठेवण्याची मागणी कोणी केली, तर ती वेठबिगारी आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची लहान मुले मेंढ्या राखण्यासाठी परजिल्ह्यांत ठेवल्याचे उघडकीस आले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला धक्का बसला होता. असे काही दिसले तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवण्यास क्षणभरही संकोच करू नये.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. सभेत आम्ही फक्त सह्या करतो. आम्हाला खरोखर काही अधिकार आहेत का? कंपनीकडून मदत मागायची असेल तर ती कशी मागावी?

अधिकार आहेत, आणि ते कायद्याने दिलेले आहेत. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, तसेच शाळेचा विकास आराखडा समितीने तयार करावा, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. पुढच्या सभेत सही करण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात: गेल्या वर्षीच्या नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांची हजेरी, आणि गेल्या तीन वर्षांत शाळेतून शेवटचा वर्ग पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुलांपैकी पुढच्या शाळेत कोण गेले व कोण गेले नाही, याची नावानिशी यादी. ही यादी शिक्षकांपेक्षा आपण महिलाच अधिक अचूक करू शकाल, कारण कोणते मूल कोणत्या पाड्यावर आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा बाप गेला आहे, हे आपणांस ठाऊक असते. अशी यादी हाती असलेली समिती अधिकाऱ्यांसमोर आणि देणगीदारांसमोर वेगळ्या बळाने बोलते.

वडील किंवा आई हयात नसलेली मुले यादीत निघाली, तर त्यांच्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करावा. त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. सुरगाणा तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, येत असल्याने ग्रामपंचायतीला आदिवासी विकासाच्या तरतुदीतून पाच टक्के अबंध (विशिष्ट कामाला न बांधलेला) निधी मिळतो. त्यातून काय करायचे, हे ग्रामसभा ठरवते. शाळेची संरक्षक भिंत, पाणी, मुलींचे स्वच्छतागृह किंवा वसतिगृहाच्या खोलीची दुरुस्ती यांसाठी तेथे ठराव मांडावा. पाणी नसलेले स्वच्छतागृह सहावी-सातवीच्या मुलींना महिन्यातले काही दिवस घरी बसवते, हे ग्रामसभेत पुरुषांसमोर बोलण्यास संकोच वाटत असेल, तर महिलासभेत आधी ठराव करून घ्यावा.

कंपनीला पत्र लिहिताना ‘आमची शाळा गरीब आहे, मदत करावी’ असे लिहू नये. आमच्या अमुक मुलांची शाळा अमुक महिन्यात तुटते, त्यांना गावात ठेवण्यासाठी एवढे धान्य, एवढी अंथरुणे आणि एका सांभाळणाऱ्या बाईंचे पाच महिन्यांचे मानधन लागेल, त्यातले एवढे आम्ही गावातून जमवतो आणि उरलेले आपण द्यावे, असे लिहावे. गावाने आपला वाटा आधी काढला की बाहेरचा माणूस अधिक विश्वासाने पुढे येतो. आपल्या जिल्ह्यात १९१४ साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कष्टांवरच मोठी झाली.

समितीचा आवाज क्षीण नसतो, याचे जवळचे उदाहरण दरेवाडीचे आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील या वस्तीवरची शाळा बंद होऊन मुलांना लांब जावे लागणार, असे दिसताच ‘दप्तरे घ्या आणि बकऱ्या द्या’ अशी मागणी करत मुले आणि पालक थेट जिल्हा परिषदेपर्यंत गेले. जवळची शाळा गेली, तर मुले गुरांमागे जातील, हे त्यांनी सगळ्यांना समजेल अशा रीतीने सांगितले.

प्रश्न : त्र्यंबकेश्वर तालुक्यातील आमच्या गावात आठवीपर्यंतच शाळा आहे. हायस्कूल बारा किलोमीटरवर आहे. मुलगी हुशार आहे, पण आता नववीला पाठवायचे की नाही यावर घरात एकमत होत नाही. तिच्या दोन मैत्रिणींची लग्ने ठरण्याच्या मार्गावर आहेत. आम्ही काय करावे?

तिला पाठवावे, आणि हे ठामपणे सांगताना आपल्या घरातील काळजी मला समजते, हेही नमूद करतो. आठवी ते नववी हा आपल्या शिक्षणव्यवस्थेतील सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क चौदा वर्षांपर्यंत, दुपारचे जेवण आठवीपर्यंत, गावातली शाळा आठवीपर्यंत. म्हणजे मुलीचे वय वाढल्यामुळे पालकांच्या मनात भीती वाढते, नेमक्या त्याच वर्षी शासनाचे आणि गावाचे तीन आधार एकदम संपतात. माध्यमिक स्तरावरची गळती प्राथमिकपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे देशभरातील आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवते.

ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, तेव्हा प्रश्न भाड्याचा नसून गाडीच्या वेळेचा आहे. शाळा सुटते पाचला आणि गाडी असते साडेसातला, असे असेल तर कोणताही बाप मुलीला पाठवणार नाही. शेजारच्या गावांतील नववी ते बारावीच्या सर्व मुलींची संख्या गोळा करून, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या पत्रासह आणि ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगारप्रमुखांना भेटावे. एका मुलीसाठी न बदलणारी वेळ पंचवीस मुलींसाठी बदलू शकते. गाडी शक्यच नसेल, तर खात्रीच्या चालकाची जीप महिन्याने ठरवावी आणि तिच्या भाड्याचा वाटा उचलण्याची विनंती गोंदे किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्याला करावी. देणगीदार पुष्कळदा सायकली देऊ करतात; सपाट भागात त्या उत्तम, परंतु आपल्या घाटरस्त्याला आणि पावसाला त्या उपयोगी पडत नाहीत, हे नम्रपणे सांगावे. तिसरा मार्ग वसतिगृहाचा आहे. आदिवासी विकास विभागाच्या नाशिक प्रकल्प कार्यालयात शासकीय आश्रमशाळा आणि मुलींची वसतिगृहे यांची चौकशी जूनपूर्वी करावी, आणि निवड करण्याआधी मुलीच्या आईने तेथे स्वतः जाऊन अधीक्षिकेला भेटावे, खोल्या पाहाव्यात.

मुलगी आठवीत असतानाच एन.एम.एम.एस. या शिष्यवृत्ती परीक्षेला बसली असेल आणि निवड झाली असेल, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. निवासी शाळेत गेल्यास ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे ठरवताना ध्यानात ठेवावे. धाकटे भावंड असेल तर त्याला या परीक्षेला अवश्य बसवावे.

मैत्रिणींच्या लग्नाविषयी. त्या अठरा वर्षांच्या आत असतील, तर हे लग्न बेकायदा आहे, आणि गावपातळीवर ते रोखण्याची जबाबदारी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर (पूर्वीचे ग्रामसेवक) आहे. तक्रारीआधी दोन्ही घरांशी बोलण्याचा मार्ग खुला असतो. अंगणवाडी सेविका आणि मुलींच्या शिक्षिका बरोबर असतील, तर ते बोलणे अधिक परिणामकारक होते. बहुतेक घरांत लग्नाचा विषय शाळा सुटल्यानंतर निघतो. त्या दोघींसाठीही त्याच गाडीत जागा ठेवता आली, तर आपल्या मुलीला सोबत मिळेल आणि आपली निम्मी काळजी दूर होईल.

प्रश्न : सिन्नर परिसरातील एका मोठ्या कंपनीत मी सी.एस.आर. विभाग पाहतो. गळती रोखण्याच्या प्रकल्पाला मान्यता मिळाली आहे. पण संचालक मंडळाला वर्षभरात आकड्यांत दिसणारा परिणाम हवा आहे. काय मोजावे?

वर्षभरात गळती शून्यावर आल्याचे दाखवण्याचे आश्वासन देऊ नये, कारण ते पाळण्यासाठी खोट्या नोंदींना उत्तेजन मिळते. पटावर नाव आणि घरी मूल, ही स्थिती आपल्याकडे नवी नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि कंपनी जेथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते, हे आपण जाणताच. त्याच चौकटीत ‘चालू प्रकल्प’ मंजूर करून सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे निधी वापरता येतो. या तरतुदीचा उपयोग करावा. पाचवीत असलेले मूल नववीपर्यंत पोहोचले का, हे पाहण्यासाठी तेवढा काळ लागतोच.

मोजण्यासारख्या गोष्टी तीन-चारच आहेत. दिवाळीनंतरची प्रत्यक्ष हजेरी, तीही महिन्यातील अचानक निवडलेल्या एका दिवशी डोकी मोजून. शाळेचा शेवटचा वर्ग संपवलेल्या मुलांपैकी पुढच्या शाळेत ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष बसलेली मुले. आणि नववीत नापास झाल्यावरही शाळेत टिकलेली मुले. त्याखेरीज मराठीचा एक परिच्छेद वाचणे आणि साधा भागाकार करणे यांची वर्षातून दोनदा तोंडी तपासणी करावी, कारण जे मूल मागे पडत नाही ते सहसा शाळा सोडत नाही. वाटलेल्या वस्तूंची संख्या अहवालात राहू द्यावी, परंतु तिला परिणाम म्हणू नये.

निधीचा मोठा भाग माणसांवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळे यांची छायाचित्रे चांगली येतात. पण तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी संध्याकाळी जाऊन चौकशी करणारी, गावातलीच, मानधन मिळणारी एक तरुणी दहा फळ्यांहून अधिक मुले टिकवते. शिक्षकांकडे हे काम सोपवायचे म्हटले, तर एक-दोन शिक्षकी शाळेत त्यांना वर्ग सोडून जाता येत नाही. राज्याच्या २०२३ च्या शाळा दत्तक योजनेत देणगीदाराला पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा स्वीकारता येते आणि मदत रोख न देता वस्तू व सेवांच्या रूपाने द्यावी लागते. त्यातील ‘सेवा’ या बाजूकडे फारसे कोणी पाहत नाही. आणि मदत मिळालेल्या मुलांची नावे व छायाचित्रे अहवालात छापू नयेत. ‘शाळा सोडलेला’ हा शिक्का तालुक्याच्या गावात मुलाला वर्षानुवर्षे पुरतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नांदगाव तालुक्यातील आमच्या गावात नववी नापास होऊन शाळा सोडलेली, आता सतरा-अठरा वर्षांची चार मुले ऊसतोडीला जातात. त्यांना दहावी करता येईल का?

नक्कीच येईल. शाळेत परत बसायचे नसेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून त्यांना खाजगीरीत्या दहावीची परीक्षा देता येते. नोंदणी ऑनलाइन होते, मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावी लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्यायही आहे, त्यात विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात, ही हंगामी काम करणाऱ्यांसाठी मोठी सोय ठरते. आय.टी.आय.मध्ये वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण चालते, फिटर किंवा इलेक्ट्रिशियनसाठी मात्र दहावी लागते, हे मुलांना समजावून सांगितले, तर अभ्यासाला कारण मिळेल.

ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या सुमारास निघते, म्हणून गणित आणि इंग्रजी हे दोन विषय पावसाळ्यातच शिकवून घ्यावेत. मंडळाची परीक्षा हंगाम संपण्याआधी येते, तेव्हा त्या दिवसांत परत येण्याचे मुकादमाशी उचल घेण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. मुलांचे दाखले शाळेतून आताच काढून आणावेत आणि अर्जाची मुदत मंडळ जाहीर करते तिकडे जुलैपासून लक्ष ठेवावे.